मागची घंटी

कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये हरवलेला कागद शोधायचा असला की लोक गोरक्ष पगारेचे नाव घेत. बाकीचे कारकून "उद्या या" म्हणायचे. गोरक्ष "बसा जरा" म्हणायचा, शिडी घेऊन आत जायचा आणि पाऊण तासाने केसांवर धूळ घेऊन बाहेर यायचा. हातात कागद असायचाच. चेहऱ्यावर त्याचा आनंद दिसत नसे आणि खोळंब्याची नाराजीही नसे. सहा दिवस हा माणूस कपाटांच्या मधल्या अंधारात काढी आणि सातव्या दिवशी सायकल बाहेर काढी.

तसे सत्तर सालच्या सुमाराला सगळे नाशिक सायकलवरच चालत होते. कचेरीला, कारखान्याला, शाळेला, भाजीला सायकल. पण काम नसताना, कुणाकडे जायचे नसताना, नुसते वाटेने जायचे म्हणून सायकल काढणारा माणूस लोकांना नवलाचाच वाटे. गोरक्ष बुद्धविहाराच्या मागच्या कॉलनीत राहायचा. रविवारी सकाळी तो टांग मारून निघाला की शेजारी विचारत, "काय, कुणाकडं?" तो म्हणे, "कुणाकडं नाही." यावर पुढे काय विचारायचे ते कुणाला सुचत नसे. शेवटी विमलाबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोने, तोडगा काढला. "हँडलला पिशवी तरी लावून जात जा. लोकांना वाटेल भाजी आणायला चाललेत." तेव्हापासून खाकी पिशवी हँडलला आली आणि शेजाऱ्यांचे विचारणे थांबले.

या रिकाम्या हिंडण्यात त्याला जोडीदार होता झुंबर. झुंबर मातोरीचा, शेतकऱ्याच्या घरचा. ढोरांच्या दवाखान्यात तो जखमा बांधणारा ड्रेसर होता. गोरक्ष जितका अबोल तितका झुंबर बोलका. वाटेत एखादा बैल पाय उचलून उभा दिसला की झुंबर सायकल बांधाला टेकवून उतरलाच. खूर बघायचा, मालकाला दोन शब्द सुनवायचे, त्याच्याकडून मूठभर शेंगा घ्यायच्या आणि त्या गोरक्षच्या पिशवीत टाकायच्या. भाजीच्या पिशवीचे नाव अशा रीतीने खरे व्हायचे.

एकदा गोरक्ष त्याच्या घरी जेवायला गेला, तेव्हा पाहुण्याला कुठे बसवावे यावर झुंबरच्या आईने क्षणभर विचार केला होता. बाहेर ओट्यावर एक ताट आले. झुंबरने आतले आपले ताट उचलले, ओट्यावर आणून त्याच्या शेजारी मांडले आणि म्हणाला, "आत धूर लय हाय." चूल तेव्हा विझलेली होती. त्या गोष्टीवर दोघे पुन्हा कधी बोलले नाहीत. पण पुढच्या खेपेला दोन्ही ताटे आत होती.

त्यांच्या वाटा ठरलेल्या होत्या. बहुतेक रविवारी गंगापूर, गोवर्धन, दुगाव करत गिरणारे. तिथे शकुबाईच्या टपरीवर दोन चहा, आणि उन्हे तापायच्या आत परत. गोवर्धनच्या पुढे रस्ता इतका अरुंद होता की दोन सायकली शेजारी चालत नसत. गोरक्ष पुढे असायचा, झुंबर मागे. सुरुवातीला गोरक्ष सारखा वळून बघायचा. असाच एकदा वळला आणि सायकलसकट घायपातीच्या कुंपणात गेला. काटे काढता काढता झुंबरने कायदा केला. "पुढच्यानं मागं बघायचं नाय. मी मधून मधून एकदा घंटी वाजवीन. म्हणजे मी हाय. तू एकदा वाजव. म्हणजे तुला कळलं."

तो कायदा दोघांनी पाच वर्षे पाळला. मागून एकदा ट्रिंग, पुढून एकदा ट्रिंग. मधे शेते, पाटाचे पाणी, द्राक्षांचे नवे मांडव. बोलायला गिरणारे होतेच. गोरक्षला रेकॉर्ड रूममध्ये आठवडाभर पुरेल एवढे काहीतरी त्या मागच्या घंटीत असायचे. ते काय, हे त्याला सांगता आले नसते.

त्र्याहत्तरच्या जानेवारीतला तो रविवार. गोवर्धनच्या अलीकडे, रस्ता अजून रुंद होता तेव्हा, झुंबर शेजारी आला आणि म्हणाला, "गोरख, पेठला बदली मागितलीय. बढती मिळती तिकडं. मंजूर व्हईल असं साहेब म्हणतो."

"कधी मागितलीस?"

"दिवाळीत."

"दिवाळी होऊन दोन महिने झाले."

"तुला सांगायचं तर तोंड व्हत नव्हतं."

गोरक्षने पायडलवर जोर दिला आणि पुढे गेला. अरुंद रस्ता सुरू झाला. थोड्या वेळाने मागून एकदा घंटी आली. त्याने उत्तर दिले नाही. आणखी काही अंतर गेल्यावर पुन्हा घंटी आली. आधी एकदा, मग दोनदा, मग लागोपाठ. मनधरणी करतोय, गोरक्षच्या मनात आले, करू दे. मग ती थांबली.

दुगावचा फाटा मागे पडला आणि पाठीमागून पुन्हा एकच घंटी वाजली, पहिल्यासारखी. गोरक्षचा राग तोवर निम्मा उतरला होता. पेठ म्हणजे काही परदेश नव्हे, दिवाळीत येईल, मे महिन्यात येईल. त्याने अंगठ्याने एकदा घंटी वाजवली. मागून उत्तर आले. त्याने पुन्हा वाजवली. पुन्हा आले. गिरणाऱ्यापर्यंत दोन-अडीच मैल हे असे चालले. टपरीपुढे सायकल लावताना मागे न बघताच तो शकुबाईला म्हणाला, "दोन चहा."

आणि मग वळला. मागे दुगावचा न्हावी उभा होता. कॅरियरला त्याची लाकडी पेटी बांधलेली.

"पाव्हणं, फाट्यापासून बाजूला व्हा म्हून वाजवतोय," न्हावी म्हणाला. "तुम्हीबी वाजवता, पण बाजूला काय व्हत नाय. मला वाटलं भजन चाललंय आपलं."

शकुबाई हसली. गोरक्षला हसू आले नाही. चहा आला. तो रस्त्याकडे बघत बसला. एक कप प्यायला. दुसऱ्यावर साय धरायला लागली. झुंबर रागावून परत गेला असणार, हे त्याने मनाशी पक्के केले. आपण रागावायचे तर हाच रागावला. त्याने दुसराही कप उचलला आणि पिऊन टाकला. मग झुंबर वाटेत भेटू नये म्हणून, मुद्दाम, मुंगसऱ्यावरून मखमलाबादच्या वाटेने घरी आला.

संध्याकाळी निरोप आला. गोवर्धन आणि दुगावच्या मधे झुंबरच्या पायडलची कॉटर, म्हणजे त्याला धरणारी खीळ, तुटली होती. पाय घसरला आणि तो सायकलसकट शेतातल्या कोरड्या चारीत गेला. गळ्याजवळचे हाड मोडले. दीड तासाने एक बैलगाडी आली, तिने त्याला नाशिकला आणले.

गोरक्ष दवाखान्यात गेला तेव्हा झुंबरचा डावा हात छातीशी बांधलेला होता. उशाशी त्याची बायको बयाबाई बसली होती. झुंबर त्याच्याकडे बघत होता. काही विचारत नव्हता, नुसता बघत होता. त्या बघण्याने गोरक्षचा तोल गेला आणि त्याच्या तोंडून निघाले, "मी परत आलो होतो रे. गोवर्धनपर्यंत. तू दिसलाच नाहीस."

झुंबरने थोडा वेळ जाऊ दिला. मग म्हणाला, "हां. आसंल."

एवढेच. नंतर तो बयाबाईला पाणी मागायला लागला.

पाडव्याच्या आधी बदलीचा हुकूम आला. झुंबर कचेरीत निरोप घ्यायला आला, सगळ्यांना पेढे दिले, गोरक्षलाही दिला. सायकल एसटीच्या टपावर चढवताना गोरक्षने मदत केली. "येत जा," झुंबर म्हणाला. "येतो," गोरक्ष म्हणाला. बस गेली.

पेठ नाशिकपासून जेमतेम पस्तीस मैल. पण एकदा खोटे बोलून ठेवले की तेवढे अंतरही पुरते. दिवाळीला पोस्टकार्ड लिहायला गोरक्ष बसायचा. 'तुम्हां सर्वांस' इथपर्यंत लिहायचा आणि पुढे जे लिहायचे ते कार्डावर मावत नसे. पोस्टमन वाचणार, बयाबाई वाचणार. कार्ड तसेच राही. झुंबरकडूनही कार्ड आले नाही. एकदा त्याच्या मातोरीच्या भावाबरोबर नागलीचे पीठ मात्र आले, निरोपाशिवाय.

रविवारची सायकल गोरक्षने सोडली नाही. एकटा जायचा. गोवर्धनच्या पुढे रस्ता अरुंद झाला की त्याचा अंगठा आपोआप घंटीवर जायचा. वाजवायचा एकदा. मग पुढची दहा-वीस पायडले हळू मारायचा. कधी खरेच मागून कुणाची घंटी यायची, तेव्हा तो लगेच बाजूला होऊन वाट द्यायचा. झुंबर पडला होता त्या चारीकडे त्याला पहिले वर्षभर बघवत नसे. पुढे तो तिथे उतरायला लागला. चारीवर बाभूळ उगवली होती. ती दरवर्षी थोडी वाढलेली असायची.

शकुबाई त्याला एकच चहा द्यायची. पहिल्या वर्षी तिने विचारले होते, "जोडीदार कुठं टाकला?" तिला गंमत करायची होती. त्याने "पेठला" असे सांगितल्यावर तिने पुन्हा विचारले नाही. पण सहा-सात वर्षांनी एकदा, टपरीवर दुसरे कुणी नसताना, ती भांडे विसळता विसळता म्हणाली, "त्या दिशी तुम्ही दोन्ही चहा पिलात."

"हो."

"मला वाटलं व्हतं, आता मागं वळाल. तुम्ही मुंगसऱ्याच्या अंगाला गेलात."

गोरक्षने कप खाली ठेवला. आपण तो रविवार कुणी पाहिलाच नाही असे धरून चाललो होतो, हे त्याला तेव्हा कळले.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात पेठकडचा चंदर नावाचा एक शेतकरी रेकॉर्ड रूमला आला. वडिलांच्या नावाचा जुना उतारा हवा होता. "बसा जरा," गोरक्ष म्हणाला. उतारा मिळाला. त्याची नक्कल करता करता गोरक्षने सहज विचारावे तसे विचारले, "तिकडे ढोरांच्या दवाखान्यात झुंबर म्हणून कुणी आहेत का?"

"हायेत की. आमच्या अडलेल्या म्हशीला त्यांनीच सोडवलं. चांगला माणूस, पण बोलायला जरा कमी."

गोरक्षचा टाक थांबला. "कमी?"

"हां. अन् एक खोड हाय त्यांची. रविवारी सायकल काढत्यात, पुसत्यात, तेल घालत्यात, हवा बघत्यात. आपल्याला वाटतं निघालं कुठंतरी. तर परत भिंतीला लावून ठेवत्यात. पोरं हसत्यात त्यांना."

चंदर उतारा घेऊन गेला. गोरक्ष बराच वेळ शिडीवर बसून राहिला, हातात कुठलाच कागद नसताना.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी पहाटे त्याने सायकल काढली. वय एक्कावन्न. विमलाबाई भाकरी बांधून देत म्हणाल्या, "एसटी आहे की पेठला."

"आहे."

"मग?"

"एसटीने गेलो तर पोचेन. पण जायचं ते सायकलवरच."

विमलाबाईंनी पिशवी हँडलला अडकवली.

पेठ नाका, मग रामशेज, मग करंजाळी. सावळ घाट त्याने सायकल हाताने ढकलत चढला. पळसाला फुले आली होती आणि रस्त्यावर माणूस नव्हता. वाटभर तो एकच वाक्य मनात जुळवत होता. दर मैलाला ते वेगळे होई. पेठ दिसायला लागले तेव्हा सगळी वाक्ये संपली होती आणि गुडघे तेवढे दुखत होते.

बयाबाई दारात नागली पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले. "गोरखभाऊ? सायकलवर?" मग तिने आत बघून नुसते म्हटले, "अहो."

झुंबर बाहेर आला. केस पांढरे झाले होते. डावा खांदा उजव्यापेक्षा थोडा खाली होता. त्याने गोरक्षकडे पाहिले, सायकलकडे पाहिले, मग पिशवीकडे.

"भाजी न्यायला आलास व्हय?" तो म्हणाला. "हितं काय मिळत नाय."

पाय धुणे झाले, जेवण झाले. घरची, पोरांची, कचेरीतल्या माणसांची चौकशी झाली. चंदर म्हणाला ते खरे होते, झुंबर बोलायला कमी झाला होता. उन्हे कलल्यावर दोघे ओट्यावर बसले. भिंतीला सायकल टेकलेली होती. तिच्या रिमवर धुळीचा कण नव्हता.

गोरक्ष तिच्याकडे बघत म्हणाला, "झुंबर, मी त्या दिवशी परत आलो नव्हतो."

"ठाव हाय मला."

"कसं?"

"मी रस्त्याकडं तोंड करून पडलो व्हतो. दीड तास. दोन कुत्री गेली. मग एक म्हातारी गेली, तिनंच गाडी धाडली. तू काय गेला नाय."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो." झुंबरने खांद्यावरून हात फिरवला. "तू नाय बोललास. मग म्हटलं, असू दे."

मग झुंबरच म्हणाला, "एकच इचारतो. सायकल अंगावर पडली व्हती. घंटी हाताशी आली, तर ती वाजवली मी. लय वेळ वाजवली. तुला ऐकू गेली का नाय, एवढंच मला कळत नव्हतं. वारा उलटा व्हता. गेली नसंल, असं मी धरून चाललोय."

इथे 'नाही गेली' म्हणणे सोपे होते. झुंबरने वाट करूनच दिली होती. गोरक्षने ओट्याच्या कडेला हात टेकला.

"गेली," तो म्हणाला. "ऐकली मी. मला वाटलं, मनधरणी करतोस. म्हटलं, करू दे."

झुंबरने मान खाली घातली. गोठ्यात वासरू हंबरत होते, ते थांबेपर्यंत तो तसाच बसला.

"आणखी एक," गोरक्ष म्हणाला. आता थांबण्यात अर्थ नव्हता. "शकुबाईला दोन चहा सांगितले होते. तुझाही मीच प्यायलो. आणि मग मुंगसऱ्यावरून घरी गेलो, तू भेटू नयेस म्हणून."

झुंबरने मान वर केली. त्याच्याकडे बघितले, दवाखान्यात बघितले होते तसेच, पण आता त्यात काही विचारायचे उरले नव्हते. मग तो घरात तोंड करून म्हणाला, "बया, चहा एकच टाक. माझ्यापुरता. याचा दहा वर्षांपूर्वीच पिऊन झालाय."

"असं काय करता?" आतून बयाबाई म्हणाली. "दोन टाकलेत मी."

झुंबरच्या आवाजात हसू होते. डोळे मात्र त्याने गोठ्याकडे वळवले आणि चहा येईपर्यंत तिकडेच ठेवले.

रविवारी सकाळी गोरक्ष निघाला तेव्हा झुंबरने भिंतीची सायकल काढली. बयाबाई म्हणाली, "खांद्याला गचके बसतील."

"घाटाच्या तोंडापर्यंत जातो. पाव्हण्याला पोचवायला नको?"

पिशवीत नागलीचे पीठ होते. गोरक्ष पुढे झाला, झुंबर मागे. गाव संपले, रस्ता वळायला लागला. गोरक्षने मागे बघितले नाही. मागून एकदा ट्रिंग आले. त्याने एकदा वाजवले. पुन्हा ट्रिंग. पुन्हा उत्तर. सागाची पाने वाळून खाली पडली होती, त्यांच्यावरून चाके जाताना आवाज होई आणि त्यातूनही घंटी स्पष्ट कळे. असे मैल-दीड मैल गेले असतील.

कोटंबीचा उतार लागला. गोरक्षने घंटी वाजवली. मागून काही आले नाही. त्याने पुन्हा वाजवली.

मग त्याने दोन्ही ब्रेक दाबले, उतरला, आणि पूर्ण वळून मागे बघितले.

उताराच्या माथ्यावर झुंबर एक पाय टेकून उभा होता. उजवा हात डाव्या खांद्यावर.

"मागं बघायचं नाय ठरलं व्हतं," तो वरून म्हणाला.

"घंटी आली नाही म्हणून."

"हात अवघडला जरा. हितनं पुढं मला जमायचं नाय. तू जा. मी हाय हितंच."

गोरक्ष तसाच उभा राहिला. वर जावे की खाली, असे क्षणभर त्याला झाले. वर जाऊन करायचे काय होते? सोमवारी त्याला कचेरी होती, झुंबरला दवाखाना. त्याने हात वर केला. झुंबरने उजवा हात खांद्यावरून काढून वर केला.

गोरक्ष सायकलवर बसला. पहिल्या वळणाआधी मागून एकदा ट्रिंग आले. त्याने उत्तर दिले. दुसऱ्या वळणावर आले ते अगदी बारीक होते, पण आले. त्याने जरा जोरात उत्तर दिले, वर पोचावे म्हणून.

तिसऱ्या वळणावर त्याने आपणहून वाजवली. मग सायकल थांबवली, एक पाय जमिनीला टेकवला आणि कान देऊन उभा राहिला.